निवडुंगाला चमचाभर पाणी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बागकामाच्या सदरांतून ‘निवडुंगाला आठवड्यातून एक चमचा पाणी पुरते’ हा सल्ला वरचेवर छापून येतो. हेतू चांगला, पण सल्ला उफराटा आहे. चमचाभर पाण्याने वरचा जेमतेम एक सेंटिमीटर थर भिजतो. खालची बारीक तंतुमुळे कोरडीच राहतात आणि महिन्या-दोन महिन्यांत वाळून जातात. मग झाड सुरकुतले म्हणून कोणी कीव येऊन तांब्याभर पाणी ओततो. ते शोषायला मुळेच उरलेली नसतात. मेलेली मुळे ओल्या मातीत कुजतात, कूज बुंध्यात चढते, आणि खापर ‘जास्त पाण्या’वर फुटते.

पाणी द्यायचे तेव्हा तळाच्या भोकातून वाहीपर्यंत द्यावे, बशीत साचलेले फेकावे, आणि मग माती तळापर्यंत वाळेस्तोवर थेंबही देऊ नये. वाळली की नाही हे वार पाहून कळत नाही. भोकातून एक लाकडी काडी वर खुपसून पाच मिनिटांनी काढावी. काडी गार लागली किंवा तिला माती चिकटून आली तर थांबावे. वाढीच्या उबदार दिवसांत ही पाळी आठ-दहा दिवसांनी येईल, दमट हवेत तीन आठवड्यांनीही. थंडीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली जात असेल तर बहुतेक वाळवंटी जातींना पाणी जवळजवळ बंदच ठेवावे. या कोरड्या, गार विश्रांतीनंतरच त्यातल्या अनेक जाती कळ्या धरतात. ‘फूल का येत नाही’ या तक्रारीचे उत्तर बरेचदा इथेच सापडते.

अर्थात हे सगळे माती बरोबर असेल तरच. विकत आणलेले रोप बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, असते. तो एकदा भिजला की मधला गोळा कितीतरी दिवस ओला राहतो. म्हणून रोप आणल्यावर ते कोरडे होऊ द्यावे आणि मुळांभोवतीचा गोळा बोटांनी हळूहळू मोकळा करावा. नव्या मिश्रणात चार भाग जाड वाळू, तीन भाग विटांचे तुकडे किंवा प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) आणि तीन भाग पूर्ण कुजलेले पालापाचोळ्याचे खत घ्यावे. दाणा २ ते ५ मिलिमीटरचा हवा. हे मिश्रण पिठाच्या चाळणीने चाळून खाली पडणारी बारीक पूड टाकून द्यावी. कंटाळवाणे काम आहे, पण नेमके तेच बहुतेक जण टाळतात, आणि तीच पूड खडे-खड्यांमधल्या फटी बुजवून हवा बंद करते. समुद्राची वाळू खारी असते, ती नको. कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर देण्याचा काहीच उपयोग नाही: बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, थराच्या वरच अडून राहते. म्हणजे ओल मुळांच्या आणखी जवळ येते.

कुंडी झाडापेक्षा सर्व बाजूंनी दोन बोटेच मोठी घ्यावी. काटेरी झाड उचलायला हातमोज्यांपेक्षा वर्तमानपत्राची चार-पाच पदरी जाड पट्टी उत्तम. ती बुंध्याभोवती गुंडाळून दोन्ही टोके चिमटीत धरली की काटेही मोडत नाहीत. (जुन्या अंकांचा हाही एक सदुपयोग.) कुंडी बदलल्यावर आठवडाभर पाणी देऊ नये, तुटलेल्या मुळांच्या जखमा तेवढ्यात सुकतात.

उन्हाबाबत दोन टोकाच्या चुका होतात. खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेला गोल निवडुंग शेंड्याकडे निमुळता, फिकट होतो. तो भाग पुढे कधीच जाड होत नाही. घाबरून तेच झाड थेट दुपारच्या उन्हात नेले तर दोन दिवसांत पांढुरके चट्टे पडतात, तेही कायमचे. सावलीतून उन्हात नेताना दोन-तीन आठवडे जाळीखाली सवय लावावी.

बुंध्याशी येणारा कडक खाकी थर वयाचा असतो, त्याला रोग समजू नये. बोटाने दाबल्यावर मऊ लागले तर मात्र त्याच दिवशी चाकू स्पिरिटने पुसून आडवा छेद घ्यावा. मध्यभागी एक गोल कडे दिसेल. त्यात तपकिरी वा नारिंगी ठिपका असेल तर आणखी वर कापावे, दर वेळी चाकू पुसून, सगळे स्वच्छ दिसेपर्यंत. एक ठिपका राहिला तरी कूज परत चढते. मग गंधकाची पूड लावून तुकडा सावलीत दोन आठवडे वाळू द्यावा आणि नंतर कोरड्या मिश्रणावर नुसता टेकवून ठेवावा.

पिठ्या ढेकूण काट्यांच्या गाठींत कापसासारखा दिसतो. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने संध्याकाळी टिपून काढावा. निळसर मेणाचा थर असलेल्या जातींवर जपून, तो थर पुसला जातो. कारण नसताना वाढ खुंटली तर झाड उपसून मुळे पाहावीत. तिथे पांढरी पिठूळ भुकटी असेल तर मुळे धुऊन, वाळवून सगळी माती बदलण्याला पर्याय नाही.

ख्रिसमस कॅक्टसला मात्र यातले बरेचसे लागू नाही. तो जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढणारा. त्याला गाळलेला उजेड आणि कधीच पूर्ण न वाळणारी भुसभुशीत माती लागते, आणि कळ्यांसाठी सुमारे सहा आठवडे रोज १२ ते १४ तास अखंड काळोख. रात्री दिवा जळत असलेल्या खोलीत तो हिरवागार राहतो, फुलत नाही.

— एक निवडुंगप्रेमी वाचक