मंत्रिमहोदय, सिंधुदुर्गाच्या खडपांवर नांगर नको

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात आमचा सिंधुदुर्ग आला. पण हा वारसा तटाच्या पायाशी संपत नाही. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर किल्ल्याचा मुहूर्त केला, तेव्हा भोवतालची बुडालेली खडपं, म्हणजे पाण्याखालचे खडक, हाही त्याचा तटच होता. वाट ठाऊक नसलेलं गलबत तिथे आपटणारच. त्याच खडपांवर आज प्रवाळ वाढतंय.

१९८७ पासून इथलं सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य आहे; किल्ला आणि शेजारचं पदमगड बेट त्याच्या गाभ्यात येतात. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. वाघाला कुणी दगड मारला तर केवढा गहजब होईल! इथे स्नॉर्कलिंगच्या होड्या भर हंगामात प्रवाळावर नांगर टाकतात. गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. पाणी तापून ते पांढरं पडलं तर कधी कधी सावरतं. नांगराने फुटलेलं सावरायला माणसाचा जन्म पुरत नाही. समुद्राचं तापमान आपल्या हाती नाही, नांगर मात्र आहे.

होडीवाल्यांवर दंड लावून भागणार नाही. लाटेत होडी धरायला त्यांच्याकडे दुसरं आहे काय? वाळूच्या पट्ट्यात पक्का पाया घालून बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणारे गोळे, बसवा. होडीने दोर त्यालाच बांधायचा. बोये मोजकेच ठेवले की गर्दीही आपोआप आवरेल. पावसाळ्यात होड्या वर ओढतो तसे बोयेही काढावे लागतील. ते काम ठेकेदाराला नको, इथल्याच तांडेलांना, म्हणजे होडीच्या म्होरक्यांना, द्या.

आणि कृपा करून याचं राष्ट्रीय उद्यान करू नका. तिथे कुणाचे हक्क उरत नाहीत, आणि इथे रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, जगणारी घरं आहेत. अभयारण्याचं नाव काढलं की मच्छीमार बिचकतो तो याच भीतीने.

किल्ला पुरातत्त्वकडे, त्याभोवतीचं अभयारण्य आपल्याकडे, होडीचा परवाना मेरीटाइम बोर्डाकडे. तिघांची बैठक आपणच बोलावू शकता. ती मंत्रालयात नको, मालवणच्या जेटीवर घ्या, अमावास्येच्या ओहोटीला. दिवस अशुभ वाटला तर पौर्णिमा चालेल, खडपं तेव्हाही उघडी पडतात.

आपला,
एक मालवणकर