‘अमुक चालींत मात’ छापण्यापूर्वी

महोदय,

बुद्धिबळाच्या वार्तांकनात ‘संगणकाने अमुक चालींत मात दाखवली होती, खेळाडूने ती दवडली’ अशा आशयाची वाक्ये हल्ली सर्रास वाचायला मिळतात. ती छापताना इंजिनाच्या, म्हणजे चालींचे विश्लेषण करणाऱ्या संगणक-प्रणालीच्या, आकड्याचा अर्थ थोडा तपासून घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र.

२०१८ च्या लंडनमधील जगज्जेतेपदाच्या लढतीचा सहावा डाव घ्या. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या फॅबियानो कारुआनाने ६८व्या चालीला उंट एच-४ वर नेला असता, तर ३६ चालींत मात अटळ होती, असे नॉर्वेतील ‘सेसे’ या महासंगणकाने दाखवले. मात्र त्यासाठी पुढे स्वतःचा घोडा जी-१ या घरात, जिथून सुटकेचा मार्ग दिसत नाही अशा ठिकाणी, आपणहून नेऊन ठेवावा लागणार होता. घड्याळ चालू असताना हे कोणाला सुचावे? डाव मॅग्नस कार्लसनशी बरोबरीत सुटला, यात कारुआनाची चूक काढणे मला तरी अन्यायाचे वाटते.

इंजिनावर अविश्वास दाखवावा, असे मात्र मुळीच नाही. ‘अधिक पाच’ (म्हणजे पांढऱ्याची मोठी आघाडी) हा त्याचा अंदाज असतो. मात जाहीर करताना ते प्रत्यक्ष मात झालेल्या स्थितीपासून मागे मोजत आलेले असते, त्यामुळे मात आहे हे त्याचे म्हणणे सहसा खरेच असते. ती सर्वांत जवळची मात असेलच, याची हमी मात्र त्यात नसते. स्टॉकफिशसारखी इंजिने वेळ वाचवण्यासाठी निरुपयोगी वाटणाऱ्या चाली छाटतात. एक युक्ती तर अशी की, आपली चाल न खेळता प्रतिस्पर्ध्याला लागोपाठ दुसरी चाल देऊन पाहायची आणि तरीही आपली बाजू वरचढ राहिली तर तो फाटा सोडून द्यायचा. ज्या स्थितीत चाल करावी लागणे हेच नुकसानीचे असते, तिथे हा हिशेब फसतो आणि पटावर असलेली मातही काही काळ नजरेआड राहू शकते. म्हणजे इंजिनाने मात दाखवली नाही, यावरून ती नाहीच असे ठरत नाही.

पूर्ण खात्री मिळते ती राजे आणि प्यादी धरून पटावर सात किंवा त्याहून कमी मोहरी उरल्यावर, कारण त्या साऱ्या स्थितींची उत्तरे कोष्टकांत आधीच काढून ठेवलेली आहेत. तिथेही गंमत आहे: एका स्थितीत ५४९ चालींत मात निघते, पण पन्नास चालींच्या नियमामुळे (दोन्ही बाजूंच्या पन्नास-पन्नास चालींत एकही मोहरे मारले गेले नाही आणि प्यादे हलले नाही, तर बरोबरी मागता येते) स्पर्धेत तोवर बरोबरीच मागता येईल.

तेव्हा असा आकडा देताना इंजिनाचे नाव, त्याला दिलेला वेळ आणि निदान पहिल्या चार-पाच चाली छापाव्यात, ही विनंती.

– एक बुद्धिबळप्रेमी वाचक, सांगली