गोल म्हणजे बरोबर

ओसाका, 22 जून 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

मी मजेत आहे. जेवते, झोपते, छत्री घेऊन बाहेर पडते. फोनवर हे रोज सांगतेच, पण पत्रातही आईचा पहिला प्रश्न हाच असणार म्हणून आधी उरकून टाकलं. फोन असताना पत्र कशाला म्हणाल, तर बाबांसाठी एक वस्तू पाठवतेय आणि नुसतं खोकं पाठवणं बरं दिसत नाही. शिवाय फोनवर मी मुद्द्याला आले की आईचा कुकर होतो.

आधी आईच्या आरोपाला उत्तर. दादाने सांगितलंच असेल, त्याच्या पोटात काही राहत नाही. हो, मी नवा गेम घेतला. निन्टेंडोचा स्विच 2, या 5 जूनला आला. दुकानात गेले आणि उचलून आणला असं नाही हं, सोडत होती, म्हाडाच्या घरांसारखी. पहिल्या सोडतीला एकट्या जपानमधून 22 लाख अर्ज आले. मला दुसऱ्या फेरीत लागला. अर्जाला पात्रताही होती: ऑनलाइनची वर्षभराची वर्गणी भरलेली हवी आणि जुन्या स्विचवर किमान 50 तास खेळलेलं हवं. खेळून कुणाचं भलं झालंय, असं तू म्हणायचीस ना? माझे तास किती भरले ते मात्र विचारू नकोस. पन्नासच्या वर होते एवढं पुरे.

डोळ्यांचं म्हणशील तर ऑफिसात मी दिवसाचे नऊ तास स्क्रीनकडे बघते, त्याला तू नोकरी म्हणतेस. रविवारी दोन तास बघितलं की डोळे जातात! भिंती पातळ आहेत, हेडफोन लावून खेळते, शेजाऱ्यांची तक्रार नाही. आणि एकटी कुढत बसलेली नसते, कधी कधी ऑफिसातल्या एक ताई त्यांच्या लेकाला घेऊन येतात, तो मला गाड्यांच्या शर्यतीत दर वेळी हरवतो.

चौथीच्या स्कॉलरशिपनंतर बाबांनी आणलेला तो व्हिडिओ गेम आठवतो? लाल-पांढरा डबा, "9999 इन 1" लिहिलेली पिवळी कॅसेट, आणि प्रत्यक्षात तेच पाच-सहा खेळ फिरून फिरून. टीव्हीची पिक्चर ट्यूब जाईल म्हणून आई अर्ध्या तासाने बटण बंद करायची. बाबा मात्र रात्री नऊला बंदूक घेऊन बदकं मारायला बसायचे, तेव्हा ट्यूब जात नसे. परवा इथल्या निप्पोनबाशीत जुन्या गेमच्या दुकानात त्याचा खरा बाप पाहिला, काचेच्या कपाटात. फॅमिकॉम, 1983 सालचा. रंग तेच. आपला डबा त्याची नक्कल होता. इथेही कॅसेटच म्हणतात, कासेत्तो. चालली नाही की इथली पोरंसुद्धा तिच्यात फुंकर मारायची. फुंकरीतल्या ओलाव्याने तिचे धातूचे दात गंजतात म्हणे, म्हणजे तेवढ्यापुरता आईचा ओरडा बरोबर होता. आणि बाबा, ती बंदूक नव्या टीव्हीवर का चालेना ते कळलं. जुन्या टीव्हीवर चित्र ज्या पद्धतीने उमटायचं त्यावरच तिचं काम चालायचं, सपाट पडद्यावर तिला काही उमगत नाही. तुमचा नेम चुकत नव्हता.

आता एक इथली गंमत, ती खास आईला, कारण तू पस्तीस वर्षं पेपर तपासलेस. त्या ताईंचा लेक दुसरीत आहे. एकदा दप्तरातून गणिताचा पेपर काढून त्याने माझ्यापुढे नाचवला. प्रत्येक उत्तरावर लाल शाईचा मोठा गोल. मला वाटलं, अरे बापरे, सगळीच चुकली! मी माझ्या मोडक्या जपानीत समजूत घातली, असू दे, पुढच्या वेळी येतील. पोरगं माझ्याकडे बघतच राहिलं. वर कोपऱ्यात 100 लिहिलं होतं ते मी पाहिलंच नव्हतं. इथे गोल म्हणजे बरोबर. फुली म्हणजे चूक, इथवर ठीक. पण आपली बरोबरची खूण, तुझी ती लांब शेपटीची, ती इथे चुकीच्या उत्तरावर मारतात! अर्धवट बरोबर असेल तर त्रिकोण. आणि फारच छान असेल तर बाई गोलाभोवती पाकळ्या काढून त्याचं फूल करतात. हे कागदापुरतंच नाही. हो म्हणायला दोन्ही हात डोक्यावर नेऊन गोल करतात, नाही म्हणायला छातीपुढे हातांची फुली. स्टेशनवर एकदा तिथल्या एका काकांनी मला अशी फुली दाखवली, मला वाटलं नमस्काराचाच प्रकार असेल, मीही फुली केली.

हे एवढं लांबण लावायला कारण आहे. दादाकडच्या प्लेस्टेशनच्या रिमोटवर चार बटणं असतात: गोल, फुली, त्रिकोण, चौकोन. 1994 च्या डिसेंबरात ते पहिल्यांदा इथे निघालं तेव्हा गोल म्हणजे हो आणि फुली म्हणजे नाही, असंच ठरवलेलं होतं. जपानबाहेर मात्र उलटं झालं, फुली दाबली की हो. एकच बटण, इथे नकार आणि पुण्यात होकार. 2020 च्या प्लेस्टेशन 5 पासून इथेही फुलीच हो झाली, आणि इथले जुने खेळाडू अजून कुरकुरतात. माझं मशीन त्याआधीचं, सेकंडहॅण्ड, त्यामुळे माझी बोटं गोलालाच हो म्हणतात.

तर गेल्या दिवाळीत दादाचा बंड्या झोपल्यावर मी त्याचा गेम लावला. मधेच विचारलं, जुना खेळ पुसू का? मी म्हटलं नको गं बाई, आणि फुली दाबली.

तीन महिन्यांचा खेळ होता त्याचा. दुसऱ्या दिवशी तो रडला तेव्हा वीज गेली असेल असं दादा म्हणाला आणि मी करंजी खात गप्प बसले. वीज गेली नव्हती. त्याला मीच सांगणार आहे, तोवर तुम्ही बोलू नका. दादाला तर मुळीच नको.

त्यात भर म्हणजे आत्या नवा स्विच घेऊन येईल असं त्याने शाळेत सांगितलंय म्हणे. मी घेतला तो फक्त जपानी भाषेचा, 49,980 येनचा. सगळ्या भाषांचा 69,980 ला होता. वीस हजार वाचवले. पण या स्वस्तातल्याला फक्त जपानचंच खातं जोडता येतं, तो तिकडे देऊन उपयोग नाही. मला जपानीचा सराव होतो हे खरं आहे. तरी घेताना बंड्या आठवला होता, हेही खरं.

बाबा, खोक्यात पत्त्यांचा जोड आहे, हानाफुदा. लहान पण जाड पानं, 48. बारा महिने आणि दर महिन्याची चार, आकडे नाहीत, फुलं आहेत. ही निन्टेंडो कंपनी 1889 मध्ये क्योटोत सुरू झाली ती हेच पत्ते करायला. म्हणजे मला गेमवरून बोलणारे तुम्ही आणि तुमचा मेंढीकोट एकाच घराण्यातले. डोळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टर हो म्हणेपर्यंत खोकं उघडू नका. आणि आषाढी दोन आठवड्यांवर आली तरी मिरजेहून पंढरपूरच्या गाडीत बसायचा हट्ट यंदा नको.

9 जुलैला ऑपरेशनच्या वेळी मी येत नाहीये. सुट्टी ऑगस्टमध्येच आहे, ओबोनला, म्हणजे इथल्या पितृपक्षाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन हल्ली अर्ध्या तासात होतं, दादा असणार आहे, हे तुम्हीच मला सांगितलंत. 49,980 येनमध्ये येण्याजाण्याचं तिकीट झालं नसतं. मी हिशेब करून बघितलाय. दोनदा. 1 लाख 20 हजार येन परवा पाठवलेत, येन घसरलाय म्हणून रुपयांत कमी दिसतील. लेन्स चांगली घाला, पैशांकडे बघू नका. दिवाळीला नक्की येते.

आई, सोलापूरच्या स्थळाचं राहिलं. गेम खेळते हे आत्ताच बोलू नकोस असं मावशी म्हणाली होती, पण मी पहिल्याच फोनवर सांगून टाकलं. तो म्हणाला, "कोणता?" म्हणजे माणूस वाईट नसावा. पण तो इकडे येणार की मी तिकडे, हा विषय निघाला की दोघंही हवापाण्यावर बोलतो. त्यांना उत्तर द्यायचंय म्हणून तू घाई करतेयस, कळतंय मला. फुली नाही मारत. पण गोलही नको कळवूस. तूर्त त्रिकोण.

तुमची,
छकुली

ता. क. बंड्याच्या गेममध्ये तो कुठवर पोचला होता ते दादाला सहज म्हणून विचारून ठेव. दिवाळीत तेवढं मी खेळून देईन.