चिपळूणच्या काकू आणि एसटीचे वाहकदादा, तुमचे आभार!

१४ जुलै २०२४ ला खेड तालुक्यात दिवाणखवटीजवळ रुळांवर दरड कोसळली आणि मालवणची सुट्टी आटोपून मुंबईला परतणारी आमची गाडी चिपळूणला अडकली. सोबत गुडघेदुखीने बेजार सासूबाई आणि तापाने फणफणलेली लेक. पाऊस तर थांबायचं नावच घेईना. आमची तारांबळ बघून स्टेशनजवळ राहणाऱ्या एक काकू आपणहून आम्हाला घरी घेऊन गेल्या. लेकीसाठी ऊन ऊन पेज, वर तुपाची धार, सोबत मेतकूट. तिने चार घास खाल्ले तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. पैशाचं नाव काढलं तर काकू रागावल्याच!

पुढे एसटीत वाहकदादांनी सासूबाईंना हाताला धरून चढवलं, पाय लांब करता यावेत म्हणून स्वतःची सीट दिली आणि स्वतः उभे राहिले.

काकू, दादा, अगदी मनापासून आभार. सासूबाई येईल-जाईल त्याला तुमचंच कौतुक सांगतात.