अर्ध्या तासात काटा फुटत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत संक्रांतीच्या पानावर काटेरी हलव्याची कृती छापून आली. नॉनस्टिक पॅनमध्ये तीळ घ्या, त्यावर साखरेचा पाक ओता, अर्धं लिंबू पिळा, मोठ्या आचेवर हलवत राहा, अर्ध्या तासात घरचा हलवा तयार. शेजारी छापलेला फोटो मात्र चार-पाच दिवस पाक प्यायलेल्या हलव्याचा होता.

माझ्या पुतणीनं ती कृती वाचून तसाच हलवा करायला घेतला. या संक्रांतीला तिच्या मुलाचं बोरन्हाण आहे आणि दागिने घरच्या हलव्याचे करायचे असं तिनं ठरवलं होतं. तीळ एकमेकांना चिकटून त्यांची ढेप झाली, आणि ती ढेप दुसऱ्या दिवशीही चिकटच राहिली. रात्री साडेनऊला तिचा फोन आला. "काका, माझ्या हातालाच गुण नाही का हो?" असं विचारताना तिचा गळा दाटून आला होता. तिच्या हातात काहीही कमी नाही. तिला चुकीची कृती मिळाली, आणि ती आपल्या पानावरून मिळाली, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी साताऱ्यात एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं सहायक होतो. हलवा आईकडून शिकलो आणि लग्नानंतर पत्नीबरोबर दर वर्षी करत आलो. तिची बोटं संधिवातानं आखडली, तेव्हापासून म्हणजे गेली ९ वर्षं, शेगडीपुढं मी बसतो आणि ती शेजारी खुर्चीवर बसून सांगते. ती परातीकडं बघतही नाही, नुसती ऐकते. तीळ पाकानं ओले असले की बोटांखाली जड, दबका आवाज येतो. पाक सुकत आला की तोच आवाज कोरडी वाळू चाळावी तसा मोकळा होतो. त्या क्षणी ती म्हणते, "आता घाल." स्वयंपाकघरात भाजी चिरत असली तरी तिथून बरोबर सांगते.

आता मूळ मुद्दा. लिंबू. जिलबीच्या, गुलाबजामच्या पाकात आपण लिंबू पिळतो ते पाकाची पुन्हा साखर होऊ नये म्हणून. आंबटपणानं साखरेचा काही भाग फुटून त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि मग साखरेचे कण एकमेकांना धरत नाहीत. पाक पातळ, चकचकीत राहतो. हलव्यात नेमकं उलटं हवं असतं. तिथं पाकाची साखर व्हायलाच हवी, तीही दाण्याच्या अंगावर, थरावर थर. लिंबू पिळलेला पाक वाळणारच नाही. मळी काढायला लिंबू वापरतात असं काही जण सांगतात. त्यासाठी पाक उकळताना एक चमचा दूध घातलं की पुरतं. दूध फाटून सगळी मळी वर घेऊन येतं, ती झाऱ्यानं काढायची आणि पाक पातळ मलमलच्या कापडातून गाळून घ्यायचा.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. ५० ग्रॅम पांढऱ्या तिळाला आम्ही अर्धा किलो साखर धरतो. एकदा प्रयोगशाळेच्या तराजूवर मी तीळ मोजून पाहिले होते, हजार तिळांचं वजन ३ ग्रॅमच्या आसपास भरलं. म्हणजे ५० ग्रॅममध्ये सोळा हजारांहून जास्त तीळ झाले. या सोळा हजार दाण्यांपैकी प्रत्येकाला वेगळं ठेवून, प्रत्येकाला आपल्या वजनाच्या दहापट साखर नेसवायची आहे. हे काम एका ओतण्यात कसं होणार?

आमच्याकडं हलवा चार सकाळी चालतो, कधी पाच. पितळेची कल्हई केलेली परात, खाली शेगडीत राखेनं झाकलेले निखारे. गॅसवर करायचा तर सगळ्यात लहान बर्नर, त्यावर जाड तवा आणि तव्यावर परात. परातीच्या बुडाला तळहात टेकवून पाच आकडे मोजता आले पाहिजेत, ही आईची खूण. साखर एम-३० म्हणजे मध्यम दाण्याची घ्यावी, तिचा पाक स्वच्छ निघतो. साखरेच्या निम्मं पाणी, एक-दोन उकळ्या, तार येऊ द्यायची नाही. पाक शेगडीच्या कडेला कोमट राहील असा ठेवायचा. तीळ नुसते गरम झाले की एक लहान चमचा पाक घालायचा आणि पाचही बोटांच्या टोकांनी सगळे तीळ फिरवत राहायचं. उलथनं, चमचा काही नको, त्यानं पुढं येणारा काटा मोडतो. आवाज मोकळा झाला की पुढचा चमचा. पहिल्या सकाळी दोन तास बसलं की तीळ जेमतेम पांढुरके दिसतात, आणि इथंच बहुतेक माणसं धीर सोडतात. परातीत खाली साचलेली साखरेची भुकटी चाळून काढायची (ती चहाला चालते), तीळ कापडावर पसरून ठेवायचे आणि उद्याची वाट बघायची.

तिसऱ्या सकाळी काटा दिसायला लागतो. मी भिंगातून पाहिलं आहे. दाणा आधी गोल, गुळगुळीत असतो. मग त्याच्यावर अगदी बारीक पुरळ उठल्यासारखे उंचवटे येतात. पुढच्या चमच्याचा पाक दाण्याला लागतो तेव्हा त्या उंचवट्यांना पहिल्यांदा लागतो, तिथंच पहिल्यांदा वाळतो, म्हणून उंचवटा वाढत जातो आणि मधली खोबण मागं राहते. पाक जास्त पडला तर खोबणी भरून येतात आणि आधीचे काटेही विरघळतात. आच जास्त झाली तर पाक दाण्याला धरण्याआधीच सुकून भुकटी होतो. प्रयोगशाळेत मुलांना मोरचुदाचे स्फटिक करायला द्यायचो तेव्हा हेच सांगायचो. द्रावण सावकाश निवू द्या, टपोरे खडे मिळतील. घाई केलीत तर निळी भुकटी मिळेल.

हवेचंही तसंच आहे. आभाळ आलं, दमट वारा सुटला की काटा येत नाही. मागच्या एका डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला तेव्हा आम्ही तीन दिवस परात झाकून ठेवली होती. हलवा पौष महिन्यातला पदार्थ का, तर कोरडी थंडी तेव्हाच असते.

आता शेंगदाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. पुतणीनं दुसरा प्रश्न त्याचाच विचारला होता, आणि आपल्या पानावर तर 'तिळाऐवजी शेंगदाणे किंवा काजूही चालतील' एवढी एकच ओळ होती. चालतात. पण शेंगदाण्याला तेल आहे. तो तापला की अंगावर तेल सुटतं आणि पाक त्याला धरत नाही. धरलाच तर वाळल्यावर पापुद्रा होऊन निघतो, हातात मोकळा दाणा आणि परातीत साखरेची टरफलं. यावर आईचा उपाय असा. दाणे मंद भाजून पूर्ण गार करायचे, सालं चोळून पाखडून टाकायची. फुटलेल्या पाकळ्या निवडून बाजूला काढायच्या, कारण त्यांच्या सपाट बाजू एकमेकांना चिकटतात. मग बाभळीचा डिंक एक चमचा, चार चमचे कोमट पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्यायचा. दाण्यांना हे डिंकाचं पाणी नुसतं पुसल्यासारखं लावायचं, वर चिमूट-चिमूट तांदळाची पिठी भुरभुरायची आणि दाणे सुटे करून एक दिवस सावलीत वाळवायचे. डिंकाचा हा थर तेल आत अडवतो. त्यावर पाक बसतो तो मग सुटत नाही. पाव किलो दाण्याला अर्धा किलो साखर पुरते. काटा उशिरा येतो आणि बोथट येतो, तिळासारखा टोकदार येत नाही, त्यानं नाराज होऊ नये. बदामाला आणि काजूच्या तुकड्यालाही हीच रीत.

मात्र तिळाचा हलवा घट्ट झाकणाच्या बरणीत वर्षभर टिकतो, शेंगदाण्याचा महिना-दीड महिन्यात खवट लागायला लागतो. रथसप्तमीपर्यंत संपेल एवढाच करावा. आई याशिवाय लवंगेचा आणि वेलदोड्याच्या दाण्यांचा हलवा करायची, खसखशीचाही. खसखशीचा सगळ्यात अवघड. तो मला अजून साधलेला नाही.

एक काळजीची गोष्ट इथंच सांगतो. बोरन्हाणाला बाळाच्या डोक्यावरून जे ओततात त्यात शेंगदाण्याचा किंवा काजूचा हलवा घालू नये. वर्ष-दीड वर्षाचं मूल हाताला येईल ते तोंडात घालतं आणि कडक दाणा घशात अडकतो. चुरमुरे घ्यावेत. बोरं आणि उसाचे करवे नुसते दाखवायला बाजूला ठेवावेत. दागिन्यांचेही दोरे पक्के गाठवून, मूल त्यांना तोंड लावत नाही ना हे बघत, फोटोपुरतेच घालावेत. ही सूचना पुढच्या वेळी आपण चौकटीत छापावी अशी माझी विनंती आहे.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त जपानात असतो. त्यानं दोन वर्षांपूर्वी तिथली काटेरी साखर आणली होती, त्याला ते 'कोनपेतो' म्हणतात. पुडी उघडली तेव्हा पत्नी म्हणाली, "अहो, हा तर आपला हलवा!" रंगीत, थोडा मोठा, पण तेच काटे. हे नाव पोर्तुगीज 'कोन्फेइतो'वरून आलेलं. १५६९ मध्ये लुईश फ्रॉइश या पाद्र्यानं ओदा नोबुनागा या सरदाराला त्याची काचेची बरणी भेट दिली होती. हा फ्रॉइश जपानला जाण्याआधी बरीच वर्षं आपल्या गोव्यात होता. जपानातही ही साखर तापलेल्या फिरत्या कढईत थोडा थोडा पाक घालून करतात आणि तिला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. तिथल्या लोकांना हा वेळ लागतो हे सांगण्यात कमीपणा वाटत नाही. उलट दुकानदार तेच अभिमानानं सांगतात, असं तो विद्यार्थी म्हणाला. आपण मात्र आपल्या मुलींना अर्धा तास सांगतो. मग ज्यांचा हलवा अर्ध्या तासात होत नाही त्या स्वतःला दोष देतात आणि पुढच्या वर्षी पुडी विकत आणतात. विकतच्या हलव्याबद्दल माझी तक्रार नाही. भट्टीपुढं बसून तो करणाऱ्या कारागिरांचे कष्ट मला माहीत आहेत. तक्रार एवढीच, की घरी करू बघणाऱ्या बाईला किंवा पुरुषाला खरा वेळ आणि खरी रीत सांगा.

माझी आपल्याला विनंती अशी. हलव्याची कृती संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात छापू नका, मार्गशीर्ष लागला की छापा, म्हणजे लोकांना एक घाणा बिघडवून दुसरा करायला सवड मिळेल. कृतीत 'चार ते पाच सकाळी, रोज दोन तास' असं स्पष्ट लिहा. लिंबू काढून टाका. आणि सातारा, वाई, पुणे, सांगली, कुठल्याही गावात सत्तरी ओलांडलेल्या अशा बायका आहेत ज्यांनी आयुष्यभर हलवा केला. आपल्या वार्ताहरांनी त्यांच्यापुढं बसून, त्यांच्या बोटांकडं बघून त्यांची रीत उतरवून घ्यावी. माझ्या आईची रीत कुणी लिहून घेतली नाही. खसखशीच्या हलव्याला ती पहिल्या दिवशी पाकात पाणी वाढवायची की आच कमी करायची, हे मी तिला विचारायचं राहून गेलं.

पुतणीसाठी परवापासून शेगडी पेटवली आहे. ती रोज सकाळी सात वाजता बाळाला तिच्या आईकडं ठेवून येते. काल तिच्या बोटांच्या टोकांना चटका बसला, तर पत्नीनं तिला बोटं मधूनच गार पाण्याच्या वाटीत बुडवून लगेच कोरडी पुसायला शिकवलं. आज तीळ पांढरे झालेत. हवा कोरडी राहिली तर परवा काटा येईल, आणि बोरन्हाणाच्या आदल्या रात्री आम्ही तिघं मिळून हार, बाजूबंद आणि मुकुट ओवायला बसू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
सातारा