वॉरंटी कॅपची असते, हिरडीची नाही

मा. संपादक साहेब, नमस्कार.

हल्ली जिकडं तिकडं दातावरच्या झिर्कोनिया (दातासारखं पांढरं, मजबूत सिरॅमिक) कॅपच्या जाहिराती दिसतात, दहा वर्षं वॉरंटी, पंधरा वर्षं वॉरंटी. ही वॉरंटी कॅप फुटली तर ओ, हिरडी सुजली तर कोण देणार? मी सोलापुरात दातांच्या लॅबमध्ये कामाला आहे, डॉक्टर माप पाठवतात आणि आम्ही कॅप बनवून देतो, म्हणून जरा लिहावंसं वाटलं.

आपल्याकडं स्वस्तात चालते ती साधी मेटल कॅप, नाहीतर आत मेटल आणि वर सिरॅमिक. ते मेटल बऱ्याचदा निकेल-क्रोमियम असतं, त्यात निकेलच ६० टक्क्यांच्या पुढं. बहुतेकांना त्याचं काहीच होत नाही, उगाच घाबरू नका. पण निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर कॅपभोवतीची हिरडी लाल, सुजलेली राहू शकते, ब्रश लावला की रक्त. नकली कानातलं घातलं की ज्यांचा कान खाजतो, चिघळतो त्यांनी हे डॉक्टरला आधीच सांगावं, ते विचारतीलच असं नाही. आणि सिरॅमिक कॅपच्या कडेला काळी रेघ दिसली की लोक कीड लागली म्हणून घाबरतात, पुष्कळदा हिरडी वर सरकून आतलं मेटल उघडं पडलेलं असतं.

झिर्कोनियात ती काळी रेघ नाही, निकेल नाही, आणि गुळगुळीत असेल तर घाणही कमी चिकटते. असेल तर! बसवताना कडेला घासली आणि परत पॉलिश न करताच चिकटवली तर महागडी कॅपसुद्धा घाण धरते.

पण खरी भानगड कडेची आहे, मटेरियल नंतर. दिसायला छान म्हणून कड हिरडीच्या फार आत नेली की त्रास ठरलेला, कारण हाडाच्या वर साधारण २ मिलिमीटर हिरडी दाताला चिकटलेली असते, त्या जागेत कॅप घुसली की सूज हटतच नाही आणि हळूहळू हाडही झिजतं. आमच्याकडं काही मापं अशी येतात की कड कुठं संपते तेच दिसत नाही, परत माप मागितलं तर पेशंट दुसऱ्या गावचा, परत येणार नाही, असंच चालवून घ्या म्हणतात. मग कॅप कुठं तोकडी, कुठं बाहेर आलेली. शिवाय चिकटवायचं सिमेंट हिरडीखाली राहिलं तर वेगळंच दुखणं. शेजारच्या दाताला कॅप नीट टेकली नाही तर शेंगाचटणीचा कण अडकलाच म्हणून समजा, मग टाचणीनं कोरत बसायचं आणि हिरडीची आणखी वाट लावायची.

अजून एक, रूट कॅनालनंतरची तात्पुरती प्लॅस्टिकची कॅप काही जण महिनोन्महिने तशीच वापरतात, दुखत नाही ना मग कशाला जायचं म्हणून. ती तेवढ्यासाठी बनवलेलीच नसते, खरखरीत असते आणि कडेनं हिरडी खराब करते.

तर दोन गोष्टी व्हाव्यात असं वाटतं. डॉक्टरांनी बिलावर नुसतं "कॅप" न लिहिता मेटल कुठलं, झिर्कोनिया का आणखी काय ते लिहून द्यावं, लॅबकडं ही माहिती असतेच. आणि तुमच्या आरोग्याच्या पानावर एखाद्या हिरड्यांच्या डॉक्टरांना लिहायला सांगा, की कॅपच्या कडेनं दात साफ करायचा दोरा (फ्लॉस) कसा फिरवायचा. कॅप बसवून दोन-तीन आठवडे झाले तरी तिथंच रक्त येत असेल तर तुरटीच्या गुळण्या करत बसू नका, त्याच डॉक्टरांकडं जाऊन एक्स-रे काढून कड बघायला सांगा.

आपला,
एक डेंटल टेक्निशियन, सोलापूर