चूक परत घाला

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर फार वैतागला होतास. संशोधनाच्या विषयांच्या यादीत वर पोर्टफोलिओची जोखीम, खाली त्रुटी सुधारणारे कोड आणि त्याच्याही खाली ‘कर्मचाऱ्यांचं मौन’ असं वाचून म्हणालास, “आई, या सगळ्यालाच संशोधन म्हणायचं? शेवटच्यात तर नुसत्या गप्पा आहेत.” मी तेव्हा नुसतीच हसले. फोनवर मला असलं नीट सांगता येत नाही.

माझं काम तुला माहीत आहे. कित्येक वर्षं जर्नलांची प्रुफं तपासतेय. सकाळी शेअर बाजार, दुपारी बीजगणित, संध्याकाळी व्यवस्थापन. यातल्या कशातच मी तज्ज्ञ नाही; माझी नजर स्वल्पविरामांवर आणि आकड्यांवर. पण इतकी पानं डोळ्यांखालून गेली की कोणता विषय कशाला घाबरतो ते कळायला लागतं.

कोडिंग थिअरीशी, म्हणजे तुझ्या यादीतल्या त्या त्रुटी सुधारणाऱ्या कोडच्या गणिताशी, माझी ओळख फजितीतूनच झाली. एका पेपरात उदाहरण होतं. वरच्या ओळीत ०११००११, खालच्या ओळीत ०११०१११. मला वाटलं, टायपिंगची चूक. मी खालची ओळ वरच्यासारखी केली आणि स्वतःवर खूश झाले. लेखकाकडून प्रूफ परत आलं, समासात तीन शब्द : “चूक परत घाला.” ती मुद्दाम केलेली होती! ती कशी सापडते हे दाखवायलाच तर सगळं उदाहरण होतं.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसले. तूही बस. मूळ माहिती चार बिटांची, म्हणजे चार शून्य-एकांची : १०११. सातांपैकी ३, ५, ६ आणि ७ या जागांवर ती बसते. १, २ आणि ४ या जागांवर पॅरिटी बिट, म्हणजे राखणदार. पहिला राखणदार १, ३, ५, ७ या जागा सांभाळतो, दुसरा २, ३, ६, ७ आणि चौथ्या जागेवरचा ४, ५, ६, ७. प्रत्येकाच्या गटात एकांची संख्या सम हवी. आता खालची ओळ तपास. पहिल्या गटात तीन एक, म्हणजे बिघडलं. दुसऱ्यात चार, ठीक. शेवटच्यात पुन्हा तीन, बिघडलं. तक्रार करणारे राखणदार १ आणि ४ या जागांवरचे. बेरीज ५. पाचवं बिट उलटं कर, झालं काम. मी तीन वेळा वेगवेगळ्या जागी चूक करून पाहिली, तिन्ही वेळा पकडली गेले.

हे रिचर्ड हॅमिंग यांचं, १९५० मधलं. बेल लॅब्स या अमेरिकन प्रयोगशाळेतल्या, रिले म्हणजे विजेच्या स्विचांवर चालणाऱ्या गणकयंत्रावर ते शनिवार-रविवारी गणितं लावून जायचे. यंत्राला चूक आढळली की ते काम टाकून पुढचं हातात घ्यायचं. सोमवारी येऊन बघावं तर हाती काहीच नाही. चूक झालीय हे यंत्राला कळतं, मग ती कुठे झालीय हे का कळू नये, या चिडीतून तो पेपर आला. आणि या विषयात एकदा सिद्ध झालं ते शिळं होत नाही. गॅलगर यांचा अशाच कोडवरचा १९६० चा एमआयटीमधला प्रबंध तेव्हाच्या संगणकांना पेलणारा नव्हता. तीसेक वर्षं जवळपास अडगळीत पडला. आज त्याच घराण्यातले कोड ५जी फोनमध्ये आहेत.

फायनान्सचं नेमकं उलटं. मॅक्लीन आणि पॉन्टिफ यांचा २०१६ चा पेपर बघ. शेअरचा परतावा आधी सांगू शकतील अशा ९७ खुणा इतर संशोधकांनी छापल्या होत्या, त्यांचं पुढे काय झालं ते यांनी तपासलं. पेपर छापून आल्यावर त्या खुणांवरचा परतावा सरासरी ५८ टक्क्यांनी घटला होता. काही खुणा मुळातच योगायोगानं सापडलेल्या असणार, पण लोकांनी वाचलं, त्यावर पैसे लावले आणि फायदा ओसरला, हाही भाग आहेच. म्हणजे मी प्रूफ तपासून पान सोडते आणि पानावरचं विधान तिथूनच खोटं व्हायला लागतं! ज्याचा अभ्यास करतोय तोच आपला पेपर वाचतो, अशी पंचाईत हॅमिंगना नव्हती.

शिवाय विषयांमधल्या या कुंपणांचं फार मनावर घेऊ नकोस. मार्कोविट्झ यांचा पोर्टफोलिओवरचा प्रबंध ‘हे अर्थशास्त्रच नव्हे’ असा वाद खुद्द अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी तोंडी परीक्षेत घातला होता, निम्मा गमतीनं असेल. १९९० मध्ये त्याच कामाला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि बेल लॅब्समध्येच जॉन केली यांनी १९५६ मध्ये दाखवलं, की खराब तारेवरून गुप्त बातमी मिळणाऱ्या जुगाऱ्याचा पैसा जास्तीत जास्त ज्या वेगानं वाढू शकतो, तो त्या तारेवरून माहिती येण्याच्या वेगाइतकाच असतो. तार माहितीचं गणित मांडणाऱ्या शॅननची, जुगार फायनान्सचा आणि सूत्र एकच.

आता तुझ्या ‘गप्पा’. व्यवस्थापनातले निम्मे पेपर मलाही कंटाळवाणे वाटतात, खोटं कशाला बोलू. प्रश्नावल्या लांबलचक आणि भाषा फुगलेली. पण एमी एडमंडसन यांचा १९९६ चा पेपर वाच. रुग्णालयातले जे गट चांगले, त्यांच्याकडून औषधं देताना चुका कमी होत असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले : चांगल्या गटांत चुका जास्त. दुसरा कोणी तक्ता फेकून दिला असता. त्यांनी खोदलं, तेव्हा दिसलं की त्या गटांत चुका जास्त होत होत्या असं नव्हे, माणसं त्या बोलून दाखवत होती. बाकीच्या ठिकाणी झाकल्या जात होत्या. तुझ्या यादीतलं ते ‘मौन’ हेच. राखणदार जागेवर आहे, पण तक्रार करायला घाबरतोय. अशा कोडचं गणित हॅमिंगच्या कागदावर सुटत नाही, त्याला माणसांजवळ महिनोन् महिने जाऊन बसावं लागतं.

म्हणून गाइड निवडताना विषयाच्या नावाला भुलू नकोस. त्यांना एवढंच विचार, की तुमचं म्हणणं चुकलं तर ते तुम्हाला कळतं कसं. काहींना कागदावर रात्रीत कळतं, काहींना बाजार दहा वर्षांनी सांगतो, काहींना तर समोरचा माणूस खरं बोलेपर्यंत कळतच नाही. यातली कुठली वाट बघायला तुला जमेल? मला विचारशील तर दुसरी तुला झेपणार नाही. लहानपणी बी पेरलं की रोज उकरून बघायचास.

आणि हो, तू पाठवलेला अर्ज वाचला. दुसऱ्या पानावरच्या तक्त्यात, चौथ्या ओळीत, एक शून्य जास्त पडल्यासारखं वाटतंय. मुद्दाम घातलं असशील तर कळव. मी अजून हात लावलेला नाही.

तुझी,
आई